घासाघीस ही उलटी टिप

‘सामान लिफ्टमधून नेऊ नये’ अशी पाटी ठाण्या-डोंबिवलीतल्या कित्येक सोसायट्यांत असते आणि ती वाचायची वेळ टेम्पो फाटकात उभा राहिल्यावरच येते. मग चौथ्या मजल्यापर्यंत जिना. गोदरेजचं कपाट दोघांच्या अंगावर, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. सगळं वजन खालच्यावर. त्याच्या खांद्यावर गोणी दुमडून ठेवलेली असते, घाम डोळ्यांत उतरत असतो आणि पुसायला हात मोकळा नसतो. जिन्याच्या वळणावर कपाट उभं करायचं, भिंतीचा रंग वाचवत फिरवायचं, पुन्हा आडवं घ्यायचं. वरून घरमालकीण सांगत असते, ‘‘आरसा आहे हो त्याला, जपून!’’

शेवटचं खोकं आत पडलं की नवरा-बायको स्वयंपाकघरात जातात. कुजबुज सुरू होते. ‘‘किती द्यायचे?’’ ‘‘बिलात सगळं आलंय की.’’ ‘‘तरी पण... शंभर देऊ या?’’ ‘‘प्रत्येकी?’’ इथे जरा शांतता. अखेर पाचशेची एक नोट ड्रायव्हरच्या हातात पडते आणि ‘सगळे मिळून चहा प्या’ असं म्हणून दार लागतं. त्या नोटेचे पुढे किती वाटे झाले आणि कपाटाच्या खालच्या बाजूला जो होता त्याच्या वाट्याला काय आलं, हे दारामागच्यांना कधी कळत नाही.

टिप हा शब्द हॉटेलातून घरात आला, म्हणून ती साहेबी रीत वाटते. पण मराठीला ही देवघेव नवी नाही. दिवाळीत पोस्टमन, गुरखा, पेपरवाला यांना पोस्त मिळायची. कोकणात शिमग्यालाही पोस्त मागतात. फारसीतून आलेलं बक्षीस आहे, खुशाली आहे. आणि त्याच घरातली जरा बदनाम भावंडं म्हणजे चहापाणी आणि चिरीमिरी. नोट तीच, देणारा-घेणाराही तेच. फरक फक्त वेळेचा. काम झाल्यावर आपखुशीनं दिली तर बक्षीस, काम व्हावं म्हणून आधीच काढली तर चिरीमिरी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला ‘आगाऊ टिप’बद्दल नोटीस काढली, तेव्हा नेमका हाच मुद्दा होता. गाडी लवकर हवी असेल तर आधीच टिप कबूल करा, असं ॲप सुचवत होतं. गावच्या चावडीवरल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं या प्रकाराचं मराठी नाव लगेच सांगितलं असतं.

टिप द्यावी की नाही हा वाद शहरात वेटर, डिलिव्हरी बॉय आणि पॅकर्स-मूव्हर्स यांच्याभोवती फिरतो. तोच प्रश्न वावरला नेला तर निराळा दिसतो.

वावर म्हणजे जव्हार तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या सीमेकडचं गाव. महाराष्ट्राला ते ‘वावर-वांगणी’ या जोडनावानं माहीत आहे, आणि तेही १९९२ मधल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या मृत्यूंनंतर मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक इथे आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, मदतीच्या गाड्या आल्या. शेतं मात्र तीच राहिली, नागली, वरई आणि भाताची, तीही पावसावरची. भात झोडून झाला की पाड्यांत काम उरत नाही. दिवाळी उरकते आणि जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याण, शहापूरकडे निघतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी रेतीवर.

वीटभट्टीचा हिशोब उचलीपासून सुरू होतो. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून रक्कम घ्यायची आणि ती हंगामभर विटा पाडून फेडायची. दर हजार विटांमागे ठरतो आणि उचल सहसा जोडप्यामागे असते. म्हणजे बाई रात्रभर चिखल वाहते पण तिची मजुरी अशी वेगळी तिच्या हाती येत नाही. मधल्या काळात बाजाराच्या दिवशी मिळते ती खर्ची, तेल-मिठापुरती. हंगाम संपला की हिशोब. उचल, खर्ची, औषधपाणी वजा जाता काही उरलं तर उरलं. नाहीतर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. तरी या हिशोबात ती कुठे लपते, हे विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं १९८० च्या दशकापासून याच टापूत दाखवून दिलं आहे.

अशा हिशोबात बक्षीस म्हणजे काय? हंगामाच्या शेवटी मालकानं कोंबडी कापली, बाईला लुगडं दिलं, की तो ‘मनानं मोठा’ ठरतो. विटा किती मोजल्या, दर कोणता लावला, हे मग विचारणार कोण? लुगडं घेतलेल्या हातानं वही मागायची चोरी होते. बक्षिसाचा हा उपयोग जगभरच्या मालकांना ठाऊक होता. अमेरिकेतल्या पुलमन रेल्वेडब्यांवरचे कृष्णवर्णीय पोर्टर तुटपुंज्या पगारावर ठेवले जात आणि बाकीची कमाई प्रवाशांच्या टिपेवर सोडली जाई. प्रवासी कमी तर कमाई कमी, आणि हसतमुख राहणं हाही कामाचाच भाग. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना उभी केली. कंपनीनं पहिला करार करायला १९३७ उजाडलं. आजही तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. टिप मिळते म्हणून पगार कमी, आणि पगार कमी म्हणून टिप सक्तीची, असं ते वर्तुळ आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडे गेलेले आईवडील बिलावरचे वीस टक्के बघून दचकतात ते याचमुळे.

जव्हारच्या शेजारच्या डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेबरोबर ते उठले तेव्हा वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे राबणं) बंद करा, ही मागणी होतीच. पण गवतकापणीसाठी त्यांनी जी मागणी लावून धरली ती पहा. ५०० पौंड गवताला अडीच रुपये. वजन आणि दर. मालकानं दया दाखवावी, सणाला काही द्यावं, असं त्यात कुठेच नव्हतं.

माथाडींची गोष्टही याच वाटेनं गेली. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारातले हमाल एकत्र केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मजुरीवर लेव्ही, ती मंडळाकडे, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि १९७४ पासून ‘कष्टाची भाकर’ स्वस्तात खाऊ घातली. पाठीवरचं पोतं निम्मं व्हावं, हे कुठल्याही व्यापाऱ्याच्या बक्षिसानं घडलं नसतं.

अर्थात हक्काच्या नावानंही लुबाडणूक चालते. बाजारात माल उतरवायचे म्हणून ट्रकवाल्याकडून घेतले जाणारे पैसे, म्हणजे वाराई, हा जुना वादाचा विषय आहे. (वावरकडची वरई निराळी. ती पिकवावी लागते.) नव्या वसाहतींत घरगुती सामानाचा टेम्पो अडवून, हात न लावता ‘आमचे पैसे’ मागणाऱ्या टोळ्यांचा अनुभव पुणे-पिंपरीच्या अनेकांना आहे, खऱ्या माथाड्याची त्यात फुकट बदनामी होते. केरळात या प्रकाराला नावच आहे, नोक्कुकूली, म्हणजे नुसतं बघत राहण्याची मजुरी. तिथल्या सरकारनं १ मे २०१८ पासून ती बंद केली. हॉटेलांचा सेवाशुल्क नावाचा प्रकार त्याचाच वातानुकूलित भाऊ. तो बिलात आपोआप लावू नये असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. सक्तीनं घेतलेली खुशी ही खुशी नव्हे, एवढं तरी आता कायद्यानं मान्य आहे.

पण या सगळ्यात एक गोष्ट बोललीच जात नाही, आणि ती जव्हारच्या रस्त्यावर सगळ्यात स्पष्ट दिसते. मे महिन्यात घाटात आदिवासी बाया-पोरं करवंदं घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात काळीभोर, चिकानं बोटं चिकटलेली. पहाटे काट्यांत हात घालून गोळा केलेली, चार-पाच किलोमीटर डोक्यावरून आणलेली. गाडी थांबते, काच खाली होते. ‘‘कसा दिला?’’ ‘‘वीस रुपये.’’ ‘‘पन्नासला तीन दे.’’ बाई एकदा पोराकडे बघते, एकदा उन्हाकडे, आणि देते. तीच गाडी पुढे जाऊन हॉटेलापाशी थांबते. जेवण होतं, बडीशेपेच्या बशीत पन्नासची नोट ठेवली जाते. ती ठेवताना कुणी घासाघीस करत नाही, उलट दहाची ठेवली तर चारचौघांत बरं दिसणार नाही असं वाटतं.

तीन द्रोणांमागे वाचवलेले ते दहा रुपये म्हणजे उलटी टिप. या वेळी ती करवंदवालीनं गाडीवाल्याला दिली. जव्हारच्या बाजारात सरपणाची मोळी विकणाऱ्या बाईकडून, नाक्यावर हजेरीसाठी उभ्या असलेल्या मजुराकडून, घरकामाच्या बाईकडून अशी टिप रोज वसूल होते आणि घेणाऱ्याला आपण काही घेतलं असं वाटतसुद्धा नाही. जिथे दर छापलेला असतो तिथे वर पैसे ठेवायचे, आणि जिथे दर तोंडी असतो तिथे कमी करायचे, अशी ही अजब रीत आहे. गणवेश, टेबल, बिल यांना मान. उघड्या हाताला घासाघीस.

तेव्हा ‘टिप किती द्यावी’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की, आधी घासाघीस थांबवावी. महाराष्ट्रात रोजगार हमीचा सरकारी दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. शहरातल्या सामान हलवण्याच्या बिलाचा आकडा या दराच्या कितीतरी पट असतो आणि त्यातलं पाठीवर कपाट घेणाऱ्याला किती पोचतं हे बिलात लिहिलेलं नसतं. कंत्राटदाराशी भाव पाडून घ्यायचा आणि मग पोरांना टिप द्यायची, यात एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकण्याचा प्रकार होतो. फक्त काढताना कामगाराच्या खिशातून काढलेलं असतं. भाव ठरवतानाच माणसं किती, मजला कितवा, लिफ्ट मिळणार का, हे खरं सांगावं. चौथा मजला आहे हे शेवटच्या क्षणी कळलं तर त्या चढणीची मजुरी वेगळी, ती टिपेत बसवू नये.

त्यानंतर टिप. जरूर द्यावी. चौघांनी दिवसभर घर हलवलं असेल तर माणशी दोनशे रुपये ही काही उधळपट्टी नव्हे. जिना चढावा लागला असेल तर तीनशे. अर्ध्या दिवसाचं काम असेल तर शंभर. ज्याला हिशोबाचा कंटाळा आहे त्यानं एवढंच धरावं: एका वेळचं पोटभर जेवण आणि घरी परतायचं बसभाडं. आणि ते ज्याच्या त्याच्या हातात द्यावं, मुकादमाकडे किंवा ड्रायव्हरकडे गठ्ठ्यानं नाही. ब्रिटनला टिपेचा पैसा मालकानं कामगारांतच न्याय्य रीतीनं वाटावा म्हणून २०२३ मध्ये कायदा करावा लागला, तो ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. घरच्या उंबऱ्यावर त्यासाठी फक्त सुटे पैसे आधी आणून ठेवावे लागतात. ज्याला देणं जमत नाही त्यानं अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, मजुरी पुरी आणि त्याच दिवशी द्यावी. आणि पाणी मागायच्या आधी द्यावं, तेही पाहुण्यांच्याच पेल्यात. वेगळा काढून ठेवलेला प्लास्टिकचा मग ओळखू येतो.

चांगल्या वस्तीत एक सबब नेहमी ऐकू येते: ‘‘सवय लागते त्यांना.’’ सवय लागते हे खरं. पण पुढच्या घरी त्यानं दोनशे मागितले तर त्याला आपल्या अंगमेहनतीची किंमत कळली एवढाच त्याचा अर्थ. तोंडानं आकडा सांगता येणं ही गोष्ट जव्हार-डहाणूच्या पट्ट्यातल्या माणसाला फार उशिरा आणि फार महाग पडून मिळाली आहे.

दुसऱ्यांची घरं हलवणारी माणसं पाहून ज्यांना टिपेचा प्रश्न पडतो, त्यांनी दिवाळीनंतर जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावर भट्टीमालकाचा ट्रक लागतो तेव्हा पाहावं. इथलं स्थलांतरित कुटुंब वर्षातून निदान दोनदा घर हलवतं. गोधडीत बांधलेली भांडी, नागलीच्या पिठाची गोण, कोयता, चूल मांडायला लागेल ते पत्र्याचं सामान, शाळेचं दप्तर पाठीला तसंच अडकवलेली पोरगी. चढवणारे तेच, उतरवणारेही तेच. म्हातारी दाराला दोरी बांधून घेते आणि मागे राहते. कोंबड्यांचं खुराडं सगळ्यात शेवटी वर जातं, कारण ते सगळ्यांच्या वर ठेवावं लागतं, आणि ट्रक सुरू झाला की पहिल्या वळणापर्यंत तेवढा एक आवाज ऐकू येत राहतो.