वरचे चोवीस डॉलर

जुलै 2024 मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयीन खेळाडूच्या कराराची क्रीडाजगतात मोठी चर्चा झाली. रक्कम होती 10,50,024 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पावणेनऊ कोटी रुपये, आणि तीही एका वर्षासाठी. दहा लाख डॉलर खेळाडूचे, पन्नास हजार राहण्याजेवण्याच्या खर्चाचे आणि वरचे चोवीस तिच्या जर्सीवरील क्रमांकाचे. आहेराच्या पाकिटात वरचा रुपया न विसरता घालणाऱ्यांना त्या चोवीस डॉलरांचे मर्म वेगळे सांगायला नको. खेळाडूचे नाव निजारी कॅनडी, खेळ सॉफ्टबॉल.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो, पण बहुतेक पालकांच्या लेखी त्याचे मोल दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरतेच असते. अमेरिकेत मात्र मुलींच्या महाविद्यालयीन खेळांत त्याला मानाचे स्थान आहे. पिचर 43 फुटांवरून हात खालून फिरवून चेंडू फेकते. तो ताशी सत्तर मैलांच्या वेगाने आला, तर समोरच्या खेळाडूला विचार करण्यास अर्धा सेकंदही मिळत नाही.

कॅन्सस राज्यातील टोपेका हे निजारीचे गाव. लहानपणी ती मुलांबरोबर अमेरिकन फुटबॉल खेळली, शाळेत बास्केटबॉलही खेळली. पुढे स्टॅनफर्डसारख्या नामांकित विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. 2023 च्या पहिल्याच हंगामात, सात इनिंगच्या सामन्यामागे तिने दिलेल्या धावांची सरासरी होती अवघी 0.57. तिच्या बळावर स्टॅनफर्ड लागोपाठ दोन वर्षे ओक्लाहोमा सिटी येथील अंतिम आठ संघांच्या स्पर्धेत पोहोचले आणि 2024 मध्ये देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार तिला मिळाला.

आणि त्यानंतर तिने स्टॅनफर्ड सोडले. टेक्सास टेक हे लबक शहरातील विद्यापीठ. त्या अंतिम स्पर्धेत त्याच्या संघाने तोवर एकदाही पाऊल ठेवले नव्हते. आपल्या घरांत असा विषय निघाला असता, तर आजोबांपासून मामांपर्यंत सर्वांनी मुलीला समोर बसवून घेतले असते. एवढ्या मोठ्या विद्यापीठाची पदवी पैशासाठी सोडायची? प्रश्न चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. स्टॅनफर्डमध्ये तिच्याकडे प्रामुख्याने चेंडू फेकण्याचेच काम होते. तिला बॅटही हवी होती, आणि ती टेक्सास टेकमध्ये मिळणार होती. शिवाय जुलै 2021 पूर्वी महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर कमाई करण्याची मुभाच नव्हती. खेळाडूंच्या नावावर तिकिटे विकली जात आणि खेळाडू मात्र रिकाम्या हाताने घरी जात. नियम बदलला तेव्हा निजारी शाळेत होती. तिच्या आधीच्या कित्येक गुणी पिचर केवळ जन्मसालामुळे या कमाईला मुकल्या.

पैशाबरोबर अपेक्षाही आल्या. 2025 च्या हंगामात टेक्सास टेक प्रथमच ओक्लाहोमा सिटीत पोहोचले आणि उपांत्य फेरीत त्यांनी लागोपाठ चार वर्षे विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमाला हरवले. अंतिम लढत टेक्सास विद्यापीठाशी, तीन सामन्यांची. पहिल्या सामन्यात टेक एका धावेने पुढे होते. सहाव्या इनिंगमध्ये समोरच्या धोकादायक खेळाडूला खेळूच द्यायचे नाही, चेंडू मुद्दाम बाहेर टाकून तिला पहिल्या बेसवर सोडून द्यायचे, असे ठरले. तीन चेंडू बाहेर गेले. चौथा पुरेसा बाहेर गेला नाही. त्या मुलीने तो गाठून टोलावला, दोन धावा निघाल्या आणि सामना 2-1 असा गेला.

कोट्यवधींच्या कराराची चेष्टा करण्यास टीकाकारांना याहून चांगली संधी कुठली? दुसऱ्या दिवशी निजारीच मैदानात उतरली आणि टेकने 4-3 असा विजय मिळवला. तिसऱ्या सामन्यात मात्र पहिल्याच इनिंगमध्ये तिच्यावर पाच धावा निघाल्या. त्या स्पर्धेत तोवर टेकचा प्रत्येक चेंडू एकट्या तिने फेकला होता. खांद्याला किती ओझे द्यावे, याचा विचार प्रशिक्षकांनी आधी करायला हवा होता. सामना 10-4 असा गेला आणि विजेतेपदही.

पराभवाने तिची पत मात्र घटली नाही. पुढील हंगामासाठीही दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार झाल्याचे वृत्त त्याच सुमारास आले. या रकमेने इतर पालकांनी भुलू नये. एवढी किंमत शेकडोंत एखादीलाच मिळते, आणि महाविद्यालयीन खेळाची वर्षे साधारण चारच. 2026 हे निजारीचे चौथे वर्ष. त्यानंतर व्यावसायिक लीग आहे, पण ती 2025 मध्येच सुरू झालेली. तिथे महाविद्यालयाइतके पैसे मिळतीलच असे नाही.

ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल येतो आणि जातो. 2008 नंतर तो वगळला गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता. 2028 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत आहे. मात्र त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत व्हायचे आहेत, ज्या मैदानावर तो चौथा चेंडू पुरेसा बाहेर गेला नाही, त्याच मैदानावर.