समजून घ्या: पाच माणसं, दोन तिकिटं, मग उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रवास महाग होतो कुठे?

परीक्षा संपल्या, शाळा सुटल्या. आता घरोघरी एकच प्रश्न आहे, यंदा जायचं कुठे? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, परवडणार कसं? गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावसारख्या गावात सुट्टी म्हणजे मनाली नव्हे. आजोळ, एखादं लग्न, देवदर्शन आणि जमलंच तर दोन दिवस वेरूळ-अजिंठा. याच तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीचा हंगाम आटोपून नुकतीच घरी परतलेली असतात. त्यांचा वर्षाचा प्रवास तिथेच झालेला असतो. म्हणून इथे हिशेब करायचा तो साध्या प्रवासाचा.

आधी एसटीचं गणित

एसटीने २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरला जातो. साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. म्हणजे २४० किलोमीटरच्या प्रवासाचे ४० टप्पे, आणि एका माणसाचे साधारण ४०२ रुपये. वरचे किरकोळ अधिभार वेगळे.

आता घरातली माणसं मोजा. आजी ७६ वर्षांची, आई, बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, त्यामुळे आजीचं तिकीट शून्य. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून आई अर्धी. मुलगी अर्धी, धाकट्याचं काहीच नाही. बाबा तेवढे पूर्ण. पाच माणसं, तिकिटं दोन. जाऊन-येऊन साधारण १,६०८ रुपये.

हाच प्रवास गाडी करून केला तर? गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते असं धरलं, तरी ४८० किलोमीटरला ३२ लिटर पेट्रोल लागतं. परभणी जिल्ह्यातलं पेट्रोल राज्यात सर्वात महाग असलेल्यांपैकी आहे, कारण ते सुमारे ३०० किलोमीटरवरच्या मनमाडच्या डेपोतून येतं. लिटरला शंभराच्या वरचा भाव धरला की नुसतं इंधनच ३,२०० च्या पुढे जातं. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, वाटेतली जेवणं यांची बेरीज अजून व्हायचीच आहे.

तरीही माणसं गाडी करतात आणि त्यांना वेडं म्हणता येत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला, पत्रा तापलेल्या लाल गाडीत आजीला पाच-सहा तास बसवणं सोपं नाही. एसटी परवडते ती पहाटे निघता आलं तर. खरी अडचण इथेच आहे. सवलत तिकिटावर मिळते, पण तिकीट गाडीवर मिळतं. गंगाखेड आगारातून सुटणारी लांब पल्ल्याची गाडी पकडायला गावातून पहाटेची एसटी नसेल, तर पहिला टप्पा जीपचा किंवा रिक्षाचा. तिथे आजीला सूट नाही, आईला हाफ नाही. सामान जास्त असेल तर अख्खी रिक्षाच करावी लागते.

उन्हाळ्यात एसटी जादा गाड्या सोडते, ही चांगली गोष्ट आहे. पण जादा गाडी तालुक्याच्या स्टँडवरून सुटते. गावाकडून येणाऱ्या फेरीची वेळ तिच्याशी जुळवली, तर नवी गाडी न घेताही सवलत घरापर्यंत पोहोचेल. वेळापत्रक ठरवताना एवढं पाहायला हवं.

रेल्वे स्वस्त, पण कोणासाठी?

दुसऱ्या वर्गाचं रेल्वे तिकीट एसटीहून मुळातच स्वस्त आहे. गंगाखेडला स्टेशन आहे, आणि परभणीहून दिवसा धावणारी तपोवन एक्स्प्रेस छत्रपती संभाजीनगरला, पुढे मुंबईला जाते. मात्र रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती आजतागायत सुरू झालेली नाही. आधी पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के सूट होती. त्यामुळे एसटीत शून्य असलेली आजी रेल्वेत पूर्ण तिकिटाची होते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना वेगळी जागा हवी असेल तर त्यांचंही भाडं पूर्ण लागतं.

मोठा फटका बसतो तो उशिराचा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १० मेच्या गाडीचं तिकीट ११ मार्चला सुटतं, आणि तेव्हा घरात दहावीचा पेपर सुरू असतो! मग वेटिंग, मग तत्काळ. स्लीपरला तत्काळचे वरचे १०० ते २०० रुपये प्रत्येकी जातात. आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. हे काम प्रवासाच्या आदल्या सकाळी करायला बसू नका.

ट्रॅव्हल्सचा ‘डायनॅमिक’ भाव

पुण्यात शिकायला किंवा कामाला असलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. गेल्या मेमध्ये रविवारी रात्री गावाहून पुण्याला परतायचं होतं. शुक्रवारी दुपारी अ‍ॅपवर ९०० दिसणारी सीट जेवून येईपर्यंत १,९०० झाली. मी इंजिनिअरिंग केलंय, मागणी-पुरवठ्याचा अल्गोरिदम मला कळतो. पण या अल्गोरिदमला कायद्याची मर्यादा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या भाड्यापेक्षा जास्तीत जास्त ५० टक्के अधिक घेता येतात. एसटीचं भाडं ७०० असेल तर खासगीची कमाल मर्यादा १,०५०. तुलना मात्र एसीची एसीशी आणि स्लीपरची स्लीपरशीच करायची. जास्त घेतले तर तिकीट आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. तक्रारीच आल्या नाहीत तर हा नियम कागदावरच राहतो.

पोहोचल्यावरचा खर्च

लॉजचं बिल नीट वाचा. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. १,५०० च्या खोलीवर १८० ऐवजी ७५ रुपये कर लागायला हवा.

वेरूळला भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत आहे. आपल्या पाच जणांचे तिथे १२० रुपये होतात. फक्त वार पाहून निघा, कारण वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.

तेवढंही जमत नसेल तर धारासूर आहे. आपल्याच तालुक्यात, गोदाकाठी, गुप्तेश्वराचं कोरीव मंदिर. परळी आणि औंढा नागनाथ ही दोन ज्योतिर्लिंगंही फार लांब नाहीत. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, लॉजचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक. आजीला ओळखपत्र दाखवल्यावर कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. ‘फुकटच आहे, कशाला हवं’ म्हणून ते सोडू नका. सरकार एसटीला सवलतीची भरपाई याच तिकिटांवरून मोजून देतं, आणि गावच्या फेरीत किती माणसं बसली याची नोंदही त्यातूनच होते.