उन्हातील पायपीट आणि पाण्याचे प्रमाण

वैशाखात नांदगाव खंडेश्वर येथील देवालयापर्यंत जो पायी गेला आहे, त्यास तृषा म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. वऱ्हाडचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा प्रांतात ‘पाणी बेताने प्या’ असे आम्ही लिहू लागलो, तर पालकवर्ग आम्हांस वेड्यांत काढील. तरीही हा विषय आज मुद्दाम घेतला आहे.

आमच्याकडे पाणी कमी पडण्याचाच धोका मोठा, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. तहान मारून चालण्यात पुरुषार्थ आहे अशी काही मुलांची समजूत असते. ती निव्वळ मूर्खपणाची होय. परंतु तिच्या उलट टोकाचाही एक प्रमाद आहे. सहलीस निघालेल्या मुलास तहान असो वा नसो, दर मुक्कामी बाटली रिकामी करावयास लावणे, हा तो प्रमाद.

घामावाटे केवळ पाणी जात नाही, मीठही जाते. वाळलेल्या सदऱ्यावरचे पांढरे डाग त्याचीच साक्ष देतात. मूत्रपिंडांच्या शक्तीस मर्यादा आहे व श्रमाच्या वेळी ती आणखी घटते. अशा वेळी कोरे पाणी पोटात जातच राहिले, तर रक्तातील सोडियम विरळ होते, पाणी पेशींत शिरते आणि मेंदूस सूज येते. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. 2002 साली अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा 13 जणांत सोडियम कमी आढळले. त्याच शर्यतीत 28 वर्षांची एक तरुणी या विकाराने दगावली. तेथील ग्रँड कॅन्यन नामक दरीत उन्हातून चालणाऱ्यांनाही हाच विकार जडलेला आहे.

खरी फसगत लक्षणांत आहे. डोके दुखणे, मळमळणे, ओकारी, बरळणे ही लक्षणे ऊन लागल्याची, आणि अतिपाण्याचीही तीच! सोबती घाबरतात व आणखी पाणी पाजतात. म्हणून आधी विचारावे, याने सकाळपासून किती पाणी प्याले? लघवी किती वेळा झाली? ज्याचे पोट डबडबले आहे व लघवी पाण्यासारखी स्वच्छ होते, त्यास पाण्याचा आग्रह करू नये. शुद्ध हरपू लागल्यास तोंडात काही न घालता सावलीत न्यावे, अंग तापले असल्यास गार करावे आणि तातडीने दवाखाना गाठावा.

आमच्या आजीबाई उन्हातून आलेल्यास मीठजिरे घातलेले ताक देत, कैरीच्या पन्ह्यातही मीठ टाकीत. शिदोरीस भाकर व ठेचा असे. सोडियम हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, पण त्यांचा बेत अचूक होता, असे आमचे मत आहे. अर्थात ताकही घागरभर पिऊन चालत नाही. तहानेच्या मानाने घोटघोट, वरचेवर, हीच रीत बरी.

आणि कोणतेही पेय दुपारच्या उन्हावर उतारा नव्हे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथील उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्यांपैकी 14 माणसे उष्माघाताने मरण पावली. ती तर चालतही नव्हती, बसली होती. सबब उन्हाळ्यातील पायी सहल पहाटे निघावी, व 10 वाजण्याच्या आत मुले सावलीत यावीत, एवढे शिक्षकांस आमचे सांगणे आहे. मातांस विनंती इतकीच की, बाटलीसोबत मुलाच्या शिदोरीत मिठाची एक पुरचुंडी बांधावी.