कुलूप उघडण्याचे शिक्षण

प्रवासाच्या बॅगेला लावतात ते तीन आकडी कुलूप आपण सर्वांनी पाहिले आहे. तीन चकत्या आणि प्रत्येक चकतीवर ० ते ९ असे दहा आकडे. म्हणजे एकूण जुळण्या किती होतील? दहा गुणिले दहा गुणिले दहा, अशा १०००. एका जुळणीला दोन सेकंद धरले तर सगळ्या जुळण्या तपासायला २००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतील.

आमच्या महाविद्यालयात दर शनिवारी दुपारी, प्रात्यक्षिके आटोपली की भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माहिती सुरक्षा मंडळाची बैठक भरते. वर्षाच्या पहिल्या बैठकीत मी प्रत्येक टेबलावर असे एक स्वस्तातले कुलूप ठेवते आणि एवढेच सांगते, "उघडा." बहुतेक मुले ००० पासून सुरुवात करतात. पाच-दहा मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात येते, की कुलपाची कडी ओढून धरली तर एक चकती इतर दोघींपेक्षा जड फिरते. ती हळूहळू फिरवली, की एका आकड्यावर कडी किंचित सरकते आणि बोटांना 'टक्' असे जाणवते. त्या चकतीचे काम झाले. मग दुसरी, मग तिसरी. आता १००० प्रयत्न करावे लागत नाहीत. प्रत्येक चकतीला फार तर दहा, असे मिळून तीस पुरतात. गुणाकार होता तिथे बेरीज झाली!

हे पाहून घरी गेलेल्या एका विद्यार्थ्याचे वडील दुसऱ्या दिवशी मला भेटायला आले. गृहस्थ सौम्य होते, पण प्रश्न सरळ होता : "मॅडम, तुम्ही मुलांना चोरी शिकवता का?"

प्रश्न गैर नव्हता. त्याचे उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही, म्हणून येथे देत आहे. विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः शिक्षकहो, माझे मत असे आहे की कुलूप कसे उघडते हे ज्याला कळले नाही त्याला चांगले कुलूप करता येत नाही, आणि चांगले कुलूप ओळखताही येत नाही. म्हणून असे मंडळ प्रत्येक महाविद्यालयात हवे. शाळेतही हवे. आणि ते कोपऱ्यात लपून नव्हे, तर शिक्षकांच्या देखत चालले पाहिजे.

आपल्याकडील एक जुना खेळ आठवा. लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलतो. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि पुढे 'च' लावायचा. 'काय' या शब्दाचे 'चयका' होते. मोठ्यांसमोर गुपित बोलायला ही भाषा फार सोयीची, पण कधीपर्यंत? मोठ्यांपैकी एकाला रीत कळेपर्यंत. एकदा रीत कळली की आजवर बोललेली आणि पुढे बोलाल ती सगळी गुपिते एकाच वेळी उघडी पडतात. कारण या भाषेत रीत हेच गुपित आहे, त्याला वेगळी किल्ली नाही.

ऑग्युस्ट केरखॉफ्स हे मूळचे डच भाषापंडित फ्रान्समध्ये जर्मन शिकवीत असत. सैन्याच्या गुप्तलेखनाविषयी १८८३ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी एक अट घातली : गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज बँकेचे व्यवहार, तुमचे निरोप, आधारची माहिती यांचे रक्षण करणाऱ्या गुप्तलेखनाच्या रीती छापील आहेत, कोणालाही वाचता येतात. जगभरच्या गणितज्ञांनी त्या फोडण्याचा वर्षानुवर्षे प्रयत्न केला आणि त्यांना ते जमले नाही, म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवायचा. भौतिकशास्त्रातही आपण असेच करतो. एखादा नियम कोणीतरी मोठ्याने सांगितला म्हणून आपण तो मानत नाही. तो खोटा पाडण्याचे प्रयत्न फसले म्हणून मानतो.

पुन्हा त्या कुलपाकडे वळू. ते तीन चकत्यांचे खेळणे वाटले तरी संगणकातही नेमकी तीच चूक होते. समजा, एखादी आज्ञावली तुम्ही दिलेला परवलीचा शब्द खऱ्या शब्दाशी एकेक अक्षर ताडून पाहते आणि पहिले चुकीचे अक्षर सापडताच 'चूक' म्हणून थांबते. वरवर पाहता यात काय वावगे आहे? पण पहिले अक्षर बरोबर असेल तर तिला उत्तर द्यायला कणभर जास्त वेळ लागतो. तो कण मोजता आला, की झाले! पहिले अक्षर कळले, मग दुसरे. पॉल कोचर या अमेरिकी संशोधकाने १९९६ साली दाखवून दिले, की गणित करायला यंत्राला लागणाऱ्या वेळावरून गुप्त किल्ली काढता येते. पुढे १९९९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्र किती वीज खाते यावरूनही ती काढून दाखवली. वेळ आणि विद्युतशक्ती या तर आमच्याच विषयातल्या राशी. या मंडळाशी भौतिकशास्त्राच्या बाईंचा काय संबंध, असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी हीच उदाहरणे देते.

उपाय मात्र सोपा आहे. पहिले अक्षर चुकले तरी सर्व अक्षरे तपासायची आणि मगच उत्तर द्यायचे. आमच्या द्वितीय वर्षाच्या मुलांनी ही चूक असलेली आज्ञावली स्वतः लिहिली, एकमेकांची फोडली आणि मग दुरुस्त केली. त्यांतल्या एकीने मला सांगितले, की आता कुठलीही आज्ञावली लिहिताना 'ही कितीशा वेळात थांबते' हा प्रश्न आपोआप मनात येतो. पाठ्यपुस्तकातील 'परवलीचा शब्द कोणाला सांगू नये' या वाक्याने असे घडत नाही.

परवलीच्या शब्दाचा विषय निघालाच आहे तर थोडे गणित करू. इंग्रजीतील आठ लहान अक्षरांचा शब्द घेतला तर २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी शब्द संभवतात. हा आकडा प्रचंड वाटतो. पण जाणकार संस्था तुमचा शब्द जसाच्या तसा साठवत नाही. ती त्याचे 'दळण' साठवते. त्याच गव्हाचे तेच पीठ निघते, पण पिठातून गहू परत मिळत नाही. चोराने पिठाची यादीच पळवली, तर तो घरी बसून एकेक शब्द दळून जुळवत बसतो. त्याची गिरणी सेकंदाला १०० कोटी शब्द दळत असेल, तर आठ अक्षरांचे सर्व शब्द साडेतीन मिनिटांत संपतात. आता फक्त चार अक्षरे वाढवा. बारा अक्षरांना तीच गिरणी सुमारे तीन वर्षे घेते. बैठकीत हे गणित फळ्यावर झाले तेव्हा चार जणांनी तिथल्या तिथे आपले शब्द बदलले. (आपला शब्द कोणता होता हे एकाने उत्साहाच्या भरात सांगूनही टाकले!)

सगळ्या बैठका अशा गणिताच्या नसतात. एका बैठकीत आम्ही चक्क नाटक केले. एका मुलाने 'बँकेतून बोलतोय' असा फोन करायचा आणि दुसऱ्याने बळी न पडण्याचा प्रयत्न करायचा. समोरचा आपला वर्गमित्रच आहे हे ठाऊक असूनही बळी झालेल्या मुलाने चार मिनिटांत जन्मतारीख आणि आईचे नाव सांगून टाकले. 'खाते आज सायंकाळी बंद होईल' या एका वाक्याने त्याला घाई झाली होती. घाई आणि भीती यांपुढे बारा अक्षरेही कामी येत नाहीत. ही गोष्ट मला वाटते फळ्यावर शिकवता येत नाही.

आता अवघड भाग. माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी एक हकीकत आहे आणि ती झाकून ठेवली तर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

२०२२ साली मंडळातील एक विद्यार्थी एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर निकाल पाहत होता. पत्त्याच्या ओळीच्या शेवटी आपला आसनक्रमांक आहे हे त्याने पाहिले. त्याने शेवटचा आकडा बदलला. दुसऱ्याच मुलीची गुणपत्रिका समोर आली. जन्मतारीख, आईचे नाव, सगळे काही. कुलूप नव्हतेच, नुसतीच कडी लावलेली होती. तो धावत माझ्याकडे आला. मी विचारले, "किती पाहिल्यास?" तो म्हणाला, "अकरा."

पहिली गुणपत्रिका दिसली तो अपघात किंवा फार तर शोध. पुढच्या दहा पाहिल्या तो शोध नव्हे. दार उघडे होते म्हणून आत हिंडण्याची परवानगी मिळत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाचा हेतू वाईट नव्हता हे मी जाणत होते. पण ते सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकली असती.

मी माझ्या सहीने संस्थेला पत्र लिहिले. दोष कोठे आहे ते सांगितले, मुलाचे नाव लिहिले नाही. उत्तरात आभार नव्हते. नाव विचारले होते आणि पोलिसांचा उल्लेख होता. मी नाव कळवले नाही. बारा दिवसांनी पाहिले तेव्हा दोष दुरुस्त झालेला होता. तो मुलगा मात्र पुढे मंडळात आला नाही. संस्थेने जे केले त्याचा मला राग आहे. पण त्याहून अधिक टोचते ते हे, की 'दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही' हा नियम तोवर मंडळात आम्ही मोठ्याने सांगितलाच नव्हता. शहाणी मुले समजून घेतील असे मी धरून चालले होते. ती चूक माझी.

याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर असेच काहीसे २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत घडले होते. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने आपोआप पसरणारी एक आज्ञावली महाजालात सोडली. यंत्र 'मी आधीच बाधित आहे' म्हणाले तरी सातातून एकदा तिने पुन्हा शिरावे, अशी तिची रचना होती. हे प्रमाण फारच जास्त ठरले. एकाच यंत्रात तिच्या अनेक प्रती साचल्या आणि त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६००० यंत्रे ठप्प झाली. मॉरिसला न्यायालयाने तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला. मला नेहमी वाटते, त्याची आज्ञावली आधी चार भिंतींत कोंडलेल्या दहा यंत्रांवर सोडून पाहिली असती, तर सातातून एक म्हणजे काय हे त्याला एका दुपारीत कळले असते.

आमच्याकडे तशी यंत्रे आहेत. महाविद्यालयाने मोडीत काढलेले पाच संगणक एका तारेने जोडले आहेत आणि बाहेरच्या जाळ्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. तिथे मुलांनी वाटेल ते फोडावे. २०२२ नंतर प्रत्येक वर्षाच्या पहिल्या बैठकीत, कुलपे वाटण्यापूर्वी, तो नियम मी वाचून दाखवते : कुलूप आपले असावे किंवा मालकाची लेखी परवानगी असावी, दुसऱ्याच्या दाराला कडी नाही असे दिसले तर पहिल्याच पावलावर थांबावे आणि शिक्षकांना सांगावे. तसा दोष कळवायला आपल्या देशात 'सर्ट-इन' ही सरकारी यंत्रणा २००४ पासून आहे, हेही सांगते.

अशा बंद मैदानावरचे खेळ आता जगभर चालतात. 'ध्वज पळवण्या'च्या या स्पर्धा अमेरिकेतील 'डेफकॉन' संमेलनात १९९६ पासून होत आहेत. केरळमध्ये अमृतपुरी येथे अमृता विश्वविद्यापीठातील 'बायोस' हे विद्यार्थ्यांचे मंडळ त्यांत नाव मिळवून आहे आणि तेथूनच २०१० पासून 'इनसीटीएफ' ही भारतीय स्पर्धा सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ साली सुरू केलेली 'पिकोसीटीएफ' विनामूल्य आहे. नववी-दहावीच्या मुलांना तिच्यातील सोपे प्रश्न जमतील.

पुण्यातील कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये संगणकाच्या मार्गाने पळवले गेले, ही बातमी आपण वाचली असेल. ते करणाऱ्यांना कोणत्याही महाविद्यालयाच्या मंडळाची गरज पडली नव्हती. चोरीचे शिक्षण चोरांना मिळतेच. आमच्या आजूबाजूच्या पतपेढ्यांत, दवाखान्यांत, शाळांच्या कचेऱ्यांत संगणक सांभाळायला उद्या जे बसणार आहेत ते माझ्या वर्गातले आहेत, आणि त्यांना ते कोण देणार? त्या पालकांना मी आज हेच सांगेन. त्यांचा मुलगा, बरे का, मंडळात अजून येतो.

शिक्षकांना सुरुवात करायची असेल तर संगणकाची वाट पाहू नये. चार कुलपे, एक वही आणि शनिवारची दुपार एवढे पुरे. येत्या बैठकीत आम्ही प्रयोगशाळेच्या रसायनांच्या कपाटाचे चार आकडी कुलूप तपासणार आहोत. मुलांचा अंदाज चाळीस प्रयत्नांचा आहे. त्यासाठी प्राचार्यांकडे रीतसर अर्ज केला असून त्यांची लेखी परवानगी अजून यायची आहे.