भुलाबाईची किंमत कोणी मोजावयाची?

भाद्रपद पौर्णिमेला वऱ्हाडात भुलाबाई बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, तिची बोळवण होते. भुलोजी-भुलाबाई हे भिल्लवेषातील शिवपार्वती. मातीची ही जोडी मांडून मुलींनी महिनाभर गाणी म्हणावयाची आणि खिरापत ओळखावयास लावावयाची, अशी रीत. आज चिखलीसारख्या तालुक्याच्या गावीही अनेक घरांत हा महिना एका संध्याकाळीवर आला आहे. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या कुंभाराच्या हातून ही जोडी घडते, त्याच्या हिशेबाचा विचार क्वचितच होतो.

मूर्ती घडवावयाच्या त्या ऐन पावसाळ्यात. आपल्याकडील काळी माती वाळताना आक्रसते व तडकते. तेव्हा योग्य माती आणणे, ती गाळणे, तुडविणे, मूर्ती सावलीत धीराने वाळविणे व रंगविणे यांत दिवसचे दिवस जातात. रंगाचा पैसा आधी जातो. श्रमाचे मोल नंतर, तेही माल खपला तर. सणाचे दिवस उलटले की उरलेल्या मूर्तींना गिऱ्हाईक नाही. मागणीच्या अनिश्चिततेचा सारा भार या व्यवहारातील सर्वांत निर्धन घटकावर पडतो, आणि घासाघीस होते तीही त्याच्याशीच!

गणेशमूर्तींचा बाजार मोठा असल्याने प्लास्टरच्या मूर्तींचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२५ मध्ये त्या घडविण्यास मुभा मिळाली. भुलाबाईसाठी असे भांडणारा कोण? गावच्या कुंभाराची पुढची पिढी या कामातून एकदा बाहेर पडली, तर तिला परत आणण्याइतका नफा या लहानशा बाजारात नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभार आहेत, तसेच पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते; ते १८ महिन्यांत फेडावयाचे असते. योजना स्वागतार्ह आहे. परंतु पोळ्याचे बैल, महालक्ष्म्यांचे मुखवटे, भुलाबाई आणि दिवाळीच्या पणत्या एवढ्यावरच ज्याची मुख्य कमाई, त्याला उन्हाळ्यात हप्ता कसा झेपावा? पीककर्जाची फेड हंगामाशी जोडलेली असते. तोच न्याय कुंभाराला का नसावा?

सर्वच भार सरकारवर टाकून मात्र आपली सुटका होणार नाही. दरमहा ठरावीक वेतन घेणाऱ्या शिक्षक-कारकुनांना एक गोष्ट सहज करता येईल. पोळ्याच्या सुमारास कुंभाराकडे जाऊन भुलाबाईची मागणी नोंदवावी आणि निम्मी किंमत आगाऊ द्यावी. शाळांनीही आपली नोंदणी तेव्हाच करावी. किती मूर्ती घडवावयाच्या हे त्याला आधी कळेल आणि रंगासाठी उसनवारी करावी लागणार नाही. ही दया नव्हे. व्यवहारातील जोखमीचा आपला वाटा उचलणे आहे. तेवढे केल्यावर परंपरेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला राहील.