मैदानाला जात नसते म्हणे!

खेळाला जात नसते. मैदानावर सगळे सारखे. शाळेच्या गॅदरिंगपासून हे वाक्य आपण ऐकत आलोय. पाहुणा येतो, शाल घेतो, नारळ घेतो, हे वाक्य टाकतो आणि मोटारीत बसून निघून जातो. दोस्तांनो, आज त्या पाहुण्याला जरा मोटारीतून खाली उतरवायचंय.

आपल्याकडच्या फुटबॉलची बखर कलकत्त्यापासून सुरू होते. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी, बड्या घरचा मुलगा, हेअर स्कूलचा विद्यार्थी. 1877 साली गोऱ्यांचा खेळ बघता बघता अंगावर आलेला बॉल त्यानं लाथेनं परत धाडला, अशी कथा सांगतात. पुढं प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पोरांची टीम झाली, स्टॅक नावाच्या गोऱ्या प्रोफेसरनं त्यांना खेळ शिकवला. कॉलेज, प्रोफेसर, मोकळी संध्याकाळ आणि पैशाचा बॉल. म्हंजे हा खेळ या देशात पहिल्यांदा ज्यांच्या पायाशी आला, त्यांचे हात कामाला जुंपलेले नव्हते. हे कुणी सांगत नाही. 2021 साली या नगेंद्रप्रसादवर 'गोलोंदाज' नावाचा बंगाली सिनेमाही निघाला.

पण बखरीत एक पान आहे. ते मोठ्यानं वाचलं पाहिजे. 1880 च्या दशकात नगेंद्रप्रसादनं वेलिंग्टन क्लब काढला. त्यात मणी दास नावाचा पोरगा घ्यायचं ठरलं. हा मणी दास कुंभाराचा. झालं! भद्र लोकांचा धर्म बुडाला. कुंभाराचं पोर आमच्यात खेळणार? इंग्रजाशी बरोबरी करायला निघालेली ही मंडळी, आणि कुंभाराशी बरोबरी म्हटल्यावर यांच्या पोटात गोळा आला. नगेंद्रप्रसादनं क्लबच मोडून टाकला आणि शोभाबाजार क्लब काढला. त्यात मणी दासला घेतलं. याच शोभाबाजारनं 1892 साली ट्रेड्स कपात ईस्ट सरे पलटणीला 2-1 नं हरवलं. कुंभाराला बाहेर ठेवणाऱ्यांनी कुणाला हरवलं, ते बखरीत मला सापडलं नाही.

नगेंद्रप्रसादला सलाम. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याला मोडायला क्लब होता, आणि नवा काढायला शोभाबाजारच्या राजघराण्याची सोयरीक होती. मणी दासपाशी काय होतं? पाय. आज सिनेमा मोडणाऱ्यावर निघतो. ज्याच्यापायी मोडला, त्याच्यावर कोण काढणार?

आता 1911 साल घ्या. एकाच सालात तीन जागी काय चाललं होतं ते बघा.

29 जुलैला कलकत्त्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरातले दहा अनवाणी. बूट एकट्या सुधीर चॅटर्जीच्या पायात. सगळा देश नाचला, आणि नाचायलाच पाहिजे होतं. त्याच उन्हाळ्यात हिंदुस्थानची पहिली क्रिकेट टीम विलायतेत होती. तिच्यात आपला पळवणकर बाळू, चांभाराचा मुलगा. त्या दौऱ्यात त्यानं 114 विकेटी काढल्या. आणि त्याच साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव आंबेडकर शिकत होते. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नव्हता, पाणी देत नव्हता.

देश अनवाणी पायांवर कविता करत होता, आणि कॉलेजात बाबासाहेबांचा घसा कोरडा होता. मैदानाला जात नसते म्हणे!

अनवाणीचं तर मला हसूच येतं. ते अनवाणी खेळले तर पराक्रम. आमचा आज्जा जन्मभर अनवाणी चालला, त्यावर कुणी शील्ड दिली नाही. उलट पायात नवी वहाण घालून तो गावाच्या वेशीतून गेला असता, तर संध्याकाळी चावडीवर बैठक भरली असती. वहाण शिवणारा आमचा, बॉलचं चामडं कमावणारा आमचा. त्यांना फक्त लाथ मारायची होती. ती सवय जुनीच.

बाळूचंच बघा ना. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर पिचवर रोलर फिरवायचा. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात नेटमध्ये तासन् तास बॉलिंग टाकायची. बॅट हातात मिळत नसे. साहेबाची प्रॅक्टिस व्हायची, याचा घाम गळायचा. मग पुण्याच्या हिंदूंना साहेबाला हरवायची खाज सुटली, तेव्हा बाळू आठवला. विकेटी याच्या हातच्या चालल्या, पण चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. कप्तानी? जन्मात नाही. ती त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळाली 1923 साली. आपल्यातल्या काहींना बाळूचं नाव काढलं की राग येतो. 1937 ला तो काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांसमोर उभा राहिला म्हणून. बाबासाहेब निवडून आले, विषय संपला. पण ते मातीचं भांडं त्या निवडणुकीनं फुटत नाही.

आणि पलटणीतून खेळ आला म्हणतात, तेही तपासा. मुंबईत रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला, पहिल्या वर्षी वूस्टरशायर पलटणीनं जिंकला. एक-दोन वर्षांतच सरकारनं महारांची लष्कर भरती बंद केली. छावणीत बॉल आला, आणि आम्ही छावणीतून बाहेर.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी कॉलेजवाला म्हणेल. त्याला मी आहुप्याला घेऊन जातो.

गोदीत आमच्या टोळीत आहुप्याचा एक गडी आहे, महादेव कोळी. ठेक्याची हजेरी, माझ्यासारखीच. त्याच्याबरोबर भातं कापून झाल्यावर त्याच्या गावाला गेलो होतो. आंबेगाव तालुक्याचं टोक. गाव सह्याद्रीच्या कड्यावर, खाली थेट कोकण. घोड नदी तिथलीच. पावसाळा चार महिने, सगळं ढगात. खाचरात पोरं फुटबॉल खेळत होती. खाचरं म्हंजे जिना. बॉल बांधावरून गेला की दोन पायऱ्या खाली. पोरांनी नियमच केलाय, ज्यानं मारला त्यानं आणायचा. त्यामुळं प्रत्येक पोर बॉल पायाजवळ धरून असा खेळतो की बघत राहावं! उगाच लांब लाथ कोण मारणार? भाताचे बुडखे तळपायात घुसतात ते वेगळंच. यांच्यावरही अनवाणीचं काव्य करा की!

खाली सपाट जागा होती. ती डिंभे धरणाच्या पाण्यात गेली. ज्याच्या नावानं तालुका, ते जुनं आंबेगावच बुडालं. पाणी कालव्यानं खालच्या उसाला. वरच्या पोरांना उतार. आणि मग कॉलेजच्या खेळाडू कोट्यासाठी सर्टिफिकेट मागायचं. साला, सर्टिफिकेट मैदानावर मिळतं, मैदान सपाटीवर असतं, आणि सपाटी कुणाच्या ताब्यात आहे?

मुंबईत वेगळं नाही. मॅट्रिक झाल्यावर आम्ही वस्तीतली पोरं एका कॉलेजच्या ग्राउंडवर रविवारी खेळायला शिरलो. रविवार, ग्राउंड रिकामं, वर कावळे. वॉचमननं आयकार्ड मागितलं. आमच्याकडं होता एक बॉल, तोही अर्धा. तेव्हापासून आम्ही गोदामामागं, ट्रक नसतील तेवढा वेळ खेळतो.

कुणी नागपूरचं उदाहरण देईल. विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे मास्तर. पावसात झोपडपट्टीतली पोरं मोडकी बादली लाथाडताना त्यांनी बघितली, त्यातून 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. त्यातलाच अखिलेश पॉल 2010 ला रिओत बेघरांच्या वर्ल्ड कपात भारताचा कप्तान होता. नागराज मंजुळेनं त्यावर 2022 साली 'झुंड' काढला. आपण सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारल्या. पण हिशेब करा. हिस्लॉप कॉलेज 1883 सालचं. शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या पायात काय आहे, हे कळायला शंभरावर वर्षं गेली. आणि कळलं ते एका मास्तरला. आमचं नशीब असं एकेका भल्या माणसाच्या खिडकीवर टांगून किती दिवस ठेवायचं? त्या दिवशी मास्तरनं छत्री तिरकी धरली असती तर?

कुणाच्या दयेचे बूट नकोत. जी मैदानं सरकारी जमिनीवर आहेत, ज्या कॉलेजांना सरकारी अनुदान जातं, त्यांची फाटकं रविवारी वस्तीला उघडी पाहिजेत. डोंगरातल्या प्रत्येक आश्रमशाळेला सपाट मैदान पाहिजे, आणि ते धरणाच्या, कालव्याच्या खर्चातून पाहिजे. एकेका टीममध्ये एक मणी दास शोभेला घेऊन फोटो काढणाऱ्यांनी आमच्याकडं फिरकू नये.

सुरुवात मुंबईतून करू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ज्या त्या वस्तीनं आपापल्या जवळच्या कॉलेजच्या फाटकावर यायचं. बॉल आपण आणायचा. वॉचमनशी हुज्जत घालू नका, तो आपल्यातलाच आहे. प्रिन्सिपॉलला बाहेर बोलवा. आमच्या फाटकावर गोलात आहुप्याचा गडी उभा राहणार आहे.