गळ टाकण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

मासे पकडण्यासाठी कोणी सहल काढतो, असे आमच्या आळीत सांगितले तर माणसे आधी हसतील. आमच्याकडे पहाटे होडी लोटायची ती पोटासाठी. माझे वडील तिसरीनंतर शाळा सोडून समुद्रावर गेले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे 'हौशी मासेमारी' हा शब्द मला अजूनही थोडा टोचतो. परंतु अशी हौस असणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि अमेरिकेचा पॅसिफिक किनारा हे त्यांचे आवडते ठिकाण आहे. तेव्हा प्रश्न असा की, जे पाणी दुसऱ्याचे पोट भरते त्यात आपण चार दिवसांच्या मौजेसाठी उतरणार असू, तर तयारी कशाची करावी?

हा प्रश्न माझ्या मनात उगाच आलेला नाही. आमच्या आळीतला एक दादा ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ नोकरी करतो. येत्या जुलैत बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन तो न्यूपोर्टला मासे पकडायला जाणार आहे. हॉटेल, मोटार, बर्फाची पेटी, गळाच्या काठ्या अशी सारी यादी तयार करून त्याने फोनवर माझ्या वडिलांचा सल्ला विचारला. वडिलांनी काठीबद्दल किंवा आमिषाबद्दल अवाक्षर काढले नाही. ते एवढेच म्हणाले, "बाबू, थंय मासे मारून पोट भरणारे कोण आसत, ता आधी इचार."

दादाने ते काम माझ्यावर सोपवले. जे वाचायला मिळाले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, वडिलांचा प्रश्न हीच त्या यादीतली पहिली ओळ असली पाहिजे.

आधी समुद्राविषयी. पॅसिफिकचा हा किनारा आपल्या किनाऱ्यासारखा उबदार नाही. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहतात, किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींना लागणारे खाद्य असते; त्यावर लहान जीव वाढतात, आणि त्यांच्यावर मोठे मासे. म्हणजे ज्या थंडीने मुले कुडकुडतील, तीच तिथल्या माशांची अन्नपूर्णा आहे! भर जुलैतही पाणी दहा ते तेरा अंशांच्या आसपास असते. शिवाय शांत दिसणाऱ्या वाळूवर एखादी लाट अचानक फार वरपर्यंत येते. म्हणून समुद्राकडे पाठ करू नये, ही तिथली पहिली शिकवण आहे. आमच्याकडेही ती आहे.

आता नियम. ऑरेगनमध्ये बारा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला परवाना लागतो. दादाच्या मुलीला तो नको, मुलाला मात्र हवा. डंजनेस जातीचा खेकडा धरायचा तर नरच ठेवता येतो, तोही पाठीवर पावणेसहा इंच भरला तरच. आणि माणशी दिवसाला बारा. माद्या सोडून द्यायच्या. पोटावरचे झाकण अरुंद तो नर आणि रुंद ती मादी, हे आमच्या बाजारातली कोणतीही बाई सांगेल. दादाच्या मुलांनी ते जाण्याआधीच शिकून घ्यावे.

सुट्टीत मौज करायला जायचे आणि हातात मोजपट्टी घेऊन बसायचे, यात कसली मौज, असे कोणी म्हणेल. त्याला मी पिवळ्या डोळ्यांच्या रॉकफिशचे उदाहरण देईन. हा नारिंगी मासा शंभर वर्षांहूनही अधिक जगू शकतो. आपल्या पणजोबांच्या वयाचा जीव एका दुपारी गळाला लागतो! खोलातून वर ओढला की त्याच्या पोटातली हवा फुगते. नुसता पाण्यात टाकला तर तो खाली जाऊ शकत नाही, वजन लावलेल्या साधनाने त्याला पुन्हा खोल सोडावे लागते. २००२ मध्ये अतिमासेमारीने या माशाची संख्या फार घटल्याचे जाहीर झाले आणि त्याच्यावर कडक बंधने आली. तेव्हा ते साधन आमिषाच्या डब्याआधी पिशवीत गेले पाहिजे.

आणि आता वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. त्या किनाऱ्यावर आणि नद्यांवर हजारो वर्षे तिथले मूळ रहिवासी सॅमन मासा पकडत आले. १८५४ पासून झालेल्या करारांत त्यांनी वॉशिंग्टन प्रदेशातल्या जमिनी सोडल्या, पण मासे पकडण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तोच हक्क बजावताना त्यांना अटक होऊ लागली. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक यांना १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, प्रथम पकडले. पुढे पन्नासहून अधिक वेळा. दादाच्या मुलाहून तो एका वर्षाने मोठा होता! कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा ही तर मासेमारीची फार जुनी जागा. १९५७ मध्ये धरणाचे पाणी चढले आणि काही तासांत ती बुडाली. अखेर १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की, पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा करार केलेल्या जमातींचा आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी उचलून धरला.

तरी मासा उरला तरच वाट्याला अर्थ! दुष्काळ आणि तापलेल्या, आटलेल्या नद्या यांमुळे सॅमन इतका घटला की, कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे त्याची मासेमारी धंद्यासाठी आणि हौसेसाठी पूर्ण बंद ठेवावी लागली. हौशी माणसाची त्यात एक सुट्टी बुडाली. ज्याचा संसार होडीवर चालतो त्याचे काय झाले असेल, ते मला कोणी समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. दादा न्यूपोर्टला गळ टाकील तेव्हा आमची होडी शाकारलेली असेल आणि किराण्याच्या दुकानातली उधारी वाढत असेल. बंदी योग्य आहे, असे वडीलही म्हणतात. अंड्यावरचा मासा मारला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? पण नियमाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे विसरता कामा नये.

म्हणून हौस करणाऱ्यांनी घरी बसावे, असे मी म्हणत नाही. त्यांच्या परवान्याचा पैसा मासे राखण्याच्या कामी येतो, आणि लहानपणी ज्याने समुद्र पाहिला तोच पुढे त्याची काळजी करील. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला मासा मिळाला नाही तरी रात्री घरात चूल पेटणार आहे, त्याने नियम सर्वांत काटेकोरपणे पाळावा. एखादा खेकडा पाव इंचाने कमी भरला, तर तो मुलांच्या हातूनच पाण्यात सोडावा. जेवणासाठी लागेल तेवढेच ठेवावे, आणि उरलेली हौस तिथल्या कोळ्याकडून मासा विकत घेऊन भागवावी.

दादाला मी हे सारे लिहून पाठवले आहे. त्याच्या यादीत आता परवाने, मोजपट्टी आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक बर्फाच्या पेटीच्या वर गेले आहे.